मदत हवी आहे: शाहूपुरीतल्या अडीच गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर बाबांचं नाव कसं लावायचं?

नमस्कार मंडळी,

घर साताऱ्याच्या शाहूपुरीत (कोल्हापूरच्या नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं). बाबांनी १९९१ साली एका शेतकऱ्याकडून अडीच गुंठे घेतले. तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं, तुरळक घरं आणि कारभार ग्रामपंचायतीचा. खरेदीखत नोंदणीकृत आहे. घरपट्टी पहिल्यापासून बाबांच्या नावावर. आधी ग्रामपंचायतीची, २०२० ची हद्दवाढ झाल्यावर नगरपालिकेची. पण सातबारा उघडला की कब्जेदार (म्हणजे मालक) म्हणून मूळ मालकाच्या वारसांची सात नावं, आणि बाबा कुठे? तर 'इतर हक्कां'च्या वेगळ्या रकान्यात!

इतकी वर्षं काही अडलं नाही. आता वर मजला चढवायचाय, तर बँक विचारते, जमीन तुमची आहे कुठे? वारसांपैकी एक नातू सहीसाठी "आमचंही बघा काहीतरी" म्हणतोय. बाबा ७८ वर्षांचे. "एकदा मोजून दिलेत, परत छदाम देणार नाही," म्हणतात. मलाही ते पटतं.

तुकडेबंदीचा (जमिनीचे छोटे तुकडे विकण्यावर बंदी घालणारा कायदा) नवा अध्यादेश आलाय म्हणे. त्यात आमचं बसतं का? अर्ज कुठे करायचा?

प्रतिसाद १
बसायला हवं. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ मधले तुकड्यांचे व्यवहार शुल्क न घेता नियमित करायचं ठरलं. आधी बाजारभावाच्या २५ टक्के भरावे लागत, मग ते ५ टक्क्यांवर आले होते. पालिका हद्दीतला रहिवासी भाग त्यात येतो. खरेदीखताची प्रत घेऊन तलाठ्याकडे जा (आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं, पाटी बदललीय). इतर हक्कातलं नाव कब्जेदार सदरी घ्या असा लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. त्या नातवाला तूर्त काही देऊ नका.

प्रतिसाद २
जमीन नावावर झाली म्हणजे बांधकाम नियमित झालं, असं समजू नका. तो विषय गुंठेवारी कायद्याचा (गुंठ्यांनी विकलेल्या जागांवरची बांधकामं नियमित करणारा), २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. मजल्याची परवानगी पालिकेकडून वेगळी. आधी सातबारा, मग नकाशा, मग बँक. आमच्या मेव्हण्यांनी उलट्या क्रमाने केलं आणि आर्किटेक्टचे पैसे दोनदा भरले.

धागाकर्ता
दोघांचे आभार. सोमवारी जातो. शेजारच्या काकांचं मात्र नुसतं नोटरीवर आहे, त्यांचं काय?

प्रतिसाद १
त्यांना आधी मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवून घ्यावा लागेल. विकणारा हयात असेल तर काकांनी तुमच्याही आधी निघावं.