लिनक्स मिंट: मोबाईलला वायफाय टिकतं, त्याच टेबलावरच्या डेस्कटॉपचं मात्र तुटतं

पत्रिकावाली, शिवाजी पेठ

नमस्कार मंडळी. मी घरातूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, तालमींचे अहवाल, गणपतीच्या आधी मंडळांची पावतीपुस्तकं. आता सगळं काम लिनक्स मिंट २२ वर आणलंय. इंकस्केप, स्क्रायबस आणि युनिकोड फॉन्ट एवढ्यावर माझं व्यवस्थित भागतं. मला मागं जायचं नाही, हे आधीच सांगते, कारण दुकानात विचारलं तर "विंडोज टाका" एवढंच उत्तर मिळालं.

कॅबिनेट पत्र्याचं आहे, टेबलाखाली, भिंतीला लागून. बोर्डवर वायफाय नाही, म्हणून नखाएवढं यूएसबी डोंगल मागच्या निळ्या पोर्टात लावलंय. राउटर वरच्या मजल्यावर आहे आणि मध्ये जुन्या घराची जाड भिंत येते. चित्रांचा सगळा साठा बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतो. ती डोंगलच्या शेजारच्याच पोर्टात कायम जोडलेली असते.

खाली कोपऱ्यात वायफायचं चिन्ह भरलेलं दिसतं, तरी पान उघडत नाही. थोडा वेळ मशीन नुसतं ठेवून परत आलं की पहिलं पान येईतो वाट बघावी लागते. कधी कनेक्शन तुटतंच आणि बरोबर असलेला पासवर्ड पुन्हा मागतं. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे फाइल पाठवायची. शाहूपुरीतल्या प्रेसला पीडीएफ ड्राइव्हवरून द्यायची असते. इंकस्केपमधून एक्सपोर्ट करायची आणि लगेच अपलोडला लावायची, की ती मध्येच अडकलीच. गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असतं, मुहूर्त जवळ आलेला असतो. त्याच टेबलावर माझा मोबाईल मात्र व्हिडिओसुद्धा न अडखळता दाखवतो.

डोंगल बदलू, राउटर बदलू, की मिंट पुन्हा टाकू? पैसे एकदाच घालायचे आहेत, म्हणून विचारते.

कसबा बावडा

ताई, डोंगलच्या चिपचा नंबर बघा आणि गिटहबवर त्याच नंबरचा ड्रायव्हर मिळतो का शोधा. कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, काढून तो टाकला की बऱ्याच जणांचं काम होतं.

उद्यमनगर मेंटेनन्स

ताई, अजून काही विकत घेऊ नका आणि काही नवं टाकूही नका. बावड्याच्या दादांचं म्हणणं खोटं नाही, पण तो शेवटचा उपाय धरा. बाहेरून आणलेला ड्रायव्हर कर्नलच्या प्रत्येक अपडेटला पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस नावाची सोय ते आपोआप करते खरी, पण नवीन कर्नलशी तो जुळला नाही तर अपडेटनंतर वायफायच गायब होतं. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला ड्रायव्हर चालू न देणारी सोय, चालू असेल तर त्याच्या सहीचं काम वेगळं. ऐन सीझनमध्ये हे गळ्यात घेऊ नका.

मी कारखान्यांतली मशीनं सांभाळतो. ऑफिसचे आणि शॉप फ्लोअरचे बरेच डेस्कटॉप लिनक्सवर आहेत. वायफायची तक्रार आली की मी आधी रस्ता दोन तुकड्यांत तोडतो: मशीन ते राउटर आणि राउटर ते बाहेर. चिन्ह भरलेलं दिसणं हा पुरावा नाही. राउटरचा आवाज इथपर्यंत पोचतोय, एवढंच ते सांगतं. तुमचं म्हणणं राउटरला पोचतंय का आणि त्याचं तुम्हाला नीट ऐकू येतंय का, हे त्यातून कळत नाही.

दोन टर्मिनल उघडा. एकात राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे छोटा निरोप जाऊन उत्तर किती वेळात येतं ते दिसत राहील, बहुतेक १९२.१६८.१.१ असेल. दुसऱ्यात ८.८.८.८ ला, हा बाहेरचा, गूगलचा पत्ता. तिसऱ्या खिडकीत सुडो देऊन डीमेसेज, पुढं डॅश आणि मोठा नव्हे, लहान डब्ल्यू. म्हणजे कर्नल काय बोलतोय ते घडेल तसं दिसत राहील. हे तिन्ही चालू ठेवून आधी मशीनला हात लावू नका, नुसते आकडे बघा. मग हार्ड डिस्कवरून एखादी मोठी फाइल कॉपी करा आणि त्या वेळी राउटरच्या पिंगचं काय होतं ते लिहून घ्या. आयडब्ल्यू डेव्ह या कमांडनं डोंगलचं नाव कळेल. तेच नाव मध्ये घालून शेवटी लिंक लिहिलं की सिग्नल डीबीएम या मापात दिसतो, उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. तो आकडाही द्या.

हार्ड डिस्कचं का विचारतोय ते आकडे आल्यावर सांगतो. आधी सांगितलं तर तुम्ही तेच बघाल.

पत्रिकावाली, शिवाजी पेठ

केलं दादा. सिग्नल उणे ६३ च्या आसपास, फार हलत नाही.

नुसतं बसल्यावर राउटरचा पिंग कधी ४ मिलिसेकंद, कधी ९०, कधी २०० च्या वर. तुटत नाही, पण एकसारखाही नाही. हार्ड डिस्कवरून कॉपी सुरू केली आणि उत्तरं यायचीच बंद झाली. मधूनच एखादं यायचं. दोन्ही खिडक्यांत तेच. कॉपी थांबवली की हळूहळू पूर्ववत. हे उलटसुलट करून बघितलं, दर वेळी तसंच. आणि सिग्नलचा आकडा मात्र तेव्हाही उणे ६३ च! डीमेसेजमध्ये एकदा डीऑथेंटिकेटेड (राउटरशी जोडणी सुटली) असं काहीतरी आलं, यूएसबी तुटल्याची ओळ एकही नाही.

उद्यमनगर मेंटेनन्स

ताई, फार नीट बघितलंत. यात दोन वेगळे आजार आहेत, म्हणून एकाच औषधानं गुण येत नव्हता.

पहिला आणि मोठा हार्ड डिस्कचा. यूएसबी ३ च्या तारांतून सेकंदाला ५ गिगाबिट या वेगानं डेटा धावतो. त्याचा रेडिओ गोंगाट बराच पसरट असतो आणि नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही सांडतो. इंटेलनं २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडल्यावर त्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलनं वाढलेला त्यांनी मोजला. २० डेसिबल म्हणजे शंभर पट. शेजारी हलगी कडाडत असताना कुणी कानाशी कितीही स्पष्ट बोललं तरी शब्द कळत नाहीत, तसं डोंगलचं होतं. म्हणून सिग्नल उणे ६३ चा ६३ च राहिला आणि पिंग मेला. सिग्नल कमी झालेला नाही, भोवतीचा गोंगाट वाढलाय. पासवर्ड पुन्हा मागणंही बहुधा यातलंच. राउटरशी ओळख पटवताना चार निरोपांची देवाणघेवाण होते. त्यातला एखादा हरवला की नेटवर्कमॅनेजरला, म्हणजे मिंटमध्ये जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, वाटतं पासवर्डच चुकला.

एक्सपोर्ट करून लगेच अपलोड केल्यावरच का अडकतं, तेही यातून कळेल. तेव्हाच डिस्क जोरात चाललेली असते. आणि मोबाईल सुटतो कारण तो बहुतेक ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि डिस्कला चिकटलेलाही नाही. इतकं छोटं डोंगल बहुधा फक्त २.४ चं असतं.

यावर उपाय स्वस्त आहे. मीटरभर लांबीची साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या. एक टोक काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टात. त्या डोंगलला त्याहून जास्त वेग लागतच नाही. दुसरं टोक डोंगलसकट टेबलावर, डिस्कपासून लांब. आत्ता ते पत्र्याच्या कॅबिनेटच्या मागं भिंतीत तोंड खुपसून बसलंय. वर आल्यावर सिग्नलही सुधारेल. डिस्कची केबल जुनी, ढिली असेल तर बदला. आवरण चांगलं असलेल्या केबलमधून गोंगाट कमी बाहेर पडतो.

दुसरा आजार नुसतं बसल्यावरचा, तो वीजबचतीचा. डोंगल काम नसताना झोपतं आणि राउटरच्या बीकनला जागं होऊन माझ्यासाठी काही आहे का बघतं. बीकन म्हणजे राउटरची ठरावीक वेळानं येणारी हाक, ती साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येते. एखाददुसरी हुकली की पिंग १००, २०० असा उड्या मारतो. लॅपटॉपच्या बॅटरीसाठी ही सोय चांगली, भिंतीतल्या प्लगवरच्या डेस्कटॉपला तिचा काही उपयोग नाही. उबंटूवर आणि त्यावर बांधलेल्या मिंटवर ईटीसी फोल्डरात नेटवर्कमॅनेजर, त्यात कॉन्फ डॉट डी, तिथं डीफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन नावाची फाइल असते. आत वायफाय डॉट पॉवरसेव्हपुढं ३ लिहिलेलं असतं. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. २ करा आणि नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा.

दोन्ही एकदम करू नका. आधी केबल, मग पिंग बघा, मग ही फाइल. कशानं काय सुधारलं ते कळायला पाहिजे.

राजारामपुरी केबलवाला

एक वेगळं बोलू का? डेस्कटॉप जागचा हलत नाही. मग त्याला वायफाय कशाला? लॅनची तार ओढा आणि मोकळे व्हा. तांब्याच्या कॅट ६ ला १०० मीटरपर्यंत चालतं, तुमच्या घरात त्याच्या पाव भागही लागणार नाही. फक्त घेताना विचारून घ्या, तार पूर्ण तांब्याची की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. मुलाम्याची स्वस्त मिळते, पण वाकवताना आणि टोकाला ठोकताना लवकर तुटते.

आणि तार घराबाहेरून, गच्चीवरून आणू नका. आपल्याकडं वळवाच्या पावसात विजा काय करतात ते माहीत आहे. बाहेरून लोंबणाऱ्या तारेमुळं राउटर आणि बोर्ड दोन्हीचे पोर्ट जळालेले मी बघितलेत. जिन्याच्या कडेनं आतूनच न्या.

उद्यमनगर मेंटेनन्स

केबलवाल्या भावाशी मी शंभर टक्के सहमत. सीझन सरला की तार ओढाच. पण भिंत फोडायला आत्ता सवड नसणार, म्हणून तोवरचं सांगितलं.

राउटरच्या सेटिंगमध्ये एक काम राहिलंच. पेठेत घराला घर लागून, प्रत्येकाचा राउटर. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ऑटोवर असेल तर राउटर मधला ३ किंवा ४ ही धरू शकतो आणि मग दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा त्रास होतो. तिघांतला मोकळा बघून कायम करा, रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

पत्रिकावाली, शिवाजी पेठ

मंडळी, मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमानंच केलं.

एक्स्टेन्शन लावून डोंगल मॉनिटरच्या वर चिकटवलं. सिग्नल उणे ५५ वर आला. मग मुद्दाम डिस्कवरून मोठा फोल्डर कॉपीला लावला आणि राउटरचा पिंग बघत बसले. एकही उत्तर चुकलं नाही. कॉपी चालू असतानाच प्रेसची पीडीएफ वर चढवली, सरळ गेली. पण नुसतं बसल्यावरच्या उड्या तशाच होत्या, म्हणजे दादा म्हणाले तसे आजार खरंच दोन होते. फाइलमध्ये २ केल्यावर त्याही थांबल्या, आता ३-४ मिलिसेकंदांवर एकसारखा असतो. चॅनेल ११ कायम केलाय.

संध्याकाळी अजून कधी कधी पान अडतं. तेव्हा राउटरचा पिंग छान चालू असतो आणि ८.८.८.८ चा बंद. म्हणजे ते माझ्या मशीनचं नाही, बाहेरच्या लाइनचं. आता तक्रार करताना दोन्ही खिडक्यांचा फोटोच देते, म्हणजे "तुमच्या कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम असेल" म्हणून वाटेला लावता येणार नाही.

तार जिन्याकडून आणायचं घरात ठरलंय, गणपतीच्या कामाआधी.

एकच शंका राहिली: मिंटचं अपडेट आलं की ती २ केलेली फाइल पुन्हा ३ होईल का?

उद्यमनगर मेंटेनन्स

आपसूक होत नाही. ईटीसीमधली फाइल तुम्ही बदललेली असेल आणि पॅकेजमध्ये तिची नवी आवृत्ती आली, तर अपडेट करताना आधी विचारलं जातं. घाईत नवीन ठेवा म्हणून बटण दाबलं गेलं तर मात्र जाईल. त्यापेक्षा त्या मूळ फाइलला तशीच ३ वर सोडा. त्याच फोल्डरात स्वतःची वेगळी फाइल करा, नावाची सुरुवात इंग्रजी लहान झेडनं आणि शेवट डॉट कॉन्फनं. आत दोनच ओळी: चौकटी कंसात कनेक्शन, आणि खाली वायफाय डॉट पॉवरसेव्ह बरोबर २. फाइली नावाच्या अक्षरक्रमानं वाचल्या जातात आणि शेवटची ग्राह्य धरली जाते. मूळ फाइल बदलली तरी तुमची वरचढ राहील.

रीस्टार्टनंतर आयडब्ल्यू डेव्ह, डोंगलचं नाव, गेट पॉवर सेव्ह (पॉवर आणि सेव्हच्या मध्ये अंडरस्कोर) अशी कमांड द्या. ऑफ आलं की झालं.