विषय: वॉर्डाबाहेरची पहिली नोकरी
भाचीचं बीएस्सी नर्सिंग नुकतंच झालंय, तिला हॉस्पिटल नकोय, मग नर्स पुरवणाऱ्या ब्युरोतर्फे होमकेअरला, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन करायच्या ड्युटीला, लावावं का, असं तुम्ही विचारलंय. मी तरी सुरुवात तिथून करू नये म्हणेन. बारा तासांची ड्युटी, परक्या घरात एकटी. रात्री दोनला पेशंटचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, घसरलं तर हाक मारायला इन्चार्ज सिस्टर नाहीत. वर ‘जरा भाजी चिरून देता का’ आहेच! त्यापेक्षा पालिकेचं हेल्थ पोस्ट, म्हणजे वस्तीतलं छोटं आरोग्य केंद्र, किंवा ‘आपला दवाखाना’ नावाचं सरकारी क्लिनिक बघा. लसीकरण, गरोदर बायकांची नोंद, टीबीच्या पेशंटचा पाठपुरावा, असं सगळं हाताखालून जातं. कंत्राटी पदंच जास्त, हे धरून चाला. डायलिसिस सेंटरही चालेल. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली का तिची? नसेल तर आधी ती उरका.