इटलीत गाडी भाड्याने घेणार असाल तर

इटलीत भाड्याची गाडी ‘दोघांपैकी एकाने चालवली तरी पुरतं’ असं इथे कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. उजव्या बाजूने रोज चार तास चालवून मान आखडते. आम्ही दोघांनीही नाशिकच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला (वर्षभर चालतो) आणि भाड्याच्या करारात दोघांची नावं घातली. जादा पैसे पडले, पडू देत.

पण झेडटीएलबद्दल (परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असलेला शहराचा भाग) कुणीच कसं बोललं नाही? फ्लोरेन्स, पिसा, रोम, सगळीकडे जुन्या शहरात परवानगीशिवाय शिरलात की कॅमेरा नंबर टिपतो. हॉटेल शोधताना आमच्याकडून तेच झालं. पाच महिन्यांनी पंचवटीतल्या घरी दंडाचं पत्र! गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने आमचं नाव पोलिसांना कळवण्याचे पैसे कार्डावरून आधीच कापलेले. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर गाडीचा नंबर हॉटेलला कळवा, बरीच हॉटेलं परवानगी नोंदवून देतात.