मदत हवी आहे: कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाला क्षमा मिळाली असं मानावं का?

इंग्रज कवी कोलरिजची 'द राइम ऑफ द एन्शंट मरिनर' (१७९८) ही दीर्घ कविता सध्या पुन्हा वाचतेय आणि एका जागी अडकलेय. जाणकारांनी कृपया मदत करावी.

खलाशी अल्बट्रॉस पक्ष्याला बाण मारतो. का मारतो, हे कवी सांगतच नाही. मला ते फार खरं वाटतं, कारण पुष्कळदा केलेल्या वाईटाला सांगण्याजोगं कारण नसतंच. पुढे समुद्रातले साप पाहून तो नकळत त्यांना आशीर्वाद देतो. त्याच क्षणी त्याला प्रार्थना करता येते आणि सोबत्यांनी त्याच्या गळ्यात अडकवलेला तो मेलेला पक्षी गळून पडतो. इथे सुटका झाली असं वाटतं, पण तसं होत नाही. आयुष्यभर, वेदना उसळली की त्याला तीच कहाणी कुणाला तरी सांगावी लागते. मग ही क्षमा की न संपणारी शिक्षा? आपला अपराध पुन्हा पुन्हा बोलून दाखवणं हेच प्रायश्चित्त असेल, तर ते कधी पुरं होतं?

दुसरी गोष्ट जास्त छळते. सोबतचे दोनशे खलाशी मरतात. धुकं विरल्यावर त्यांनी पक्षी मारणं योग्यच ठरवलं होतं, हे मान्य. पण केवळ संमतीला मृत्यू आणि प्रत्यक्ष मारणाऱ्याला आयुष्य? की जगणं हीच मोठी शिक्षा आहे?

तुम्ही ही कविता कशी वाचता? शेवटच्या भागातल्या कोणत्या ओळींवरून तुमचं मत बनलं, तेही लिहा. मराठीत यावर चांगलं समीक्षालेखन असेल तर नक्की सुचवा.