मदत हवी आहे: वाड्यातून दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जाताना काय न्यायचं, काय द्यायचं आणि कुठे?

ओसरी

नमस्कार मंडळी,

जुन्या नाशकातला आमचा वाडा पुनर्विकासाला जातोय. दिवाळीच्या आत गंगापूर रोडच्या बाजूला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं आहे आणि ही काही तात्पुरती सोय नाही, आता तेच घर. सासूबाई, नवरा, मी आणि बारावीतली लेक अशी चार माणसं. सामान मात्र तीन पिढ्यांचं. कोठीची खोली, माळा, जिन्याखालची जागा, मागची पडवी, सगळं भरलेलं. दीर जळगावला आणि नणंद पुण्याला गेल्यावर त्यांचंही थोडंथोडं इथेच राहिलं. कारण काय, तर "तुमच्याकडे जागा आहे".

या विषयावर वाचायला घेतलं की पहिलाच नियम भेटतो: वर्षभरात वापरली नाही ती वस्तू काढून टाका. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या घरी सणवार नसावेत. आमचं पुरणयंत्र होळीला निघतं, मग थेट श्रावणात जिवतीच्या शुक्रवारी. मोदकपात्र गणपतीत, सोऱ्या दिवाळीत. आणि गाद्या तर बारा वर्षांच्या हिशोबाने ठेवलेल्या आहेत. त्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी! २००३ ला कामी आल्या, २०१५ ला आल्या, आता २०२७ तोंडावर आहे. सासूबाईंचं म्हणणं, गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) स्नानाला आलेलं माणूस दारात उभं राहिलं तर त्याला हॉटेलचा पत्ता द्यायचा का? मी यावर वाद घालत नाही, कारण २०१५ ला आलेल्यांत निम्मे माझ्या माहेरचे होते.

आवराआवर सुरू केल्यावर एक गोष्ट मात्र चांगलीच खटकली. आमच्या घरातलं दर्जेदार सामान सगळं माळ्यावर आहे आणि रोजच्या वापरात आहे ते सगळं तकलादू. वर जाड पितळी पातेली, तांब्याचा बंब, दोन बिडाचे तवे, परात, ठोक्याचे डबे. खाली कोटिंग निघालेले नॉनस्टिक तवे, आहेरात आलेले पातळ स्टीलचे डबे (झाकण एकाचं, डबा दुसऱ्याचा), बुधवारच्या बाजारातून आणलेल्या आणि कान तुटलेल्या बादल्या. कपड्यांचंही तेच. चांगल्या चादरी पाहुण्यांसाठी ट्रंकेत आणि आम्ही विटलेल्या चादरींवर झोपतो. पाहुणे येतात त्या दिवसांसाठी चांगलं जपायचं आणि उरलेलं वर्ष कामचलाऊवर काढायचं, असं चाललं आहे. त्यामुळे माझ्या डोक्यात उलटं आलंय: माळ्यावरचं थोडं निवडून स्वयंपाकघरात आणावं आणि खालचं काढावं. नवीन जवळजवळ काहीच विकत घेऊ नये.

पण यातलं मला पुरेसं कळत नाही. पितळ गॅसच्या शेगडीवर रोज वापरता येतं का, कल्हई कितपत टिकते, कोणतं ठेवायचं आणि कोणतं मोडीत घालायचं? गाद्यांचं काय करू? सासऱ्यांच्या दोन ट्रंका कागदपत्रांच्या आहेत. नवरा म्हणतो रद्दीवाल्याला बोलव, मला धीर होत नाही. एक सागवानी कपाट आहे, ते लिफ्टमध्ये जाणार नाही असं मूव्हर्सवाला सांगून गेला. ओसरीवरचा झोपाळा सासूबाईंना हवाच आहे, त्यावर तडजोड नाही. देवघरातल्या जुन्या तसबिरींचं कोणी काय केलं तेही सांगा. नाशिककरांनी स्थानिक माहिती दिली तर फार बरं होईल.

"सगळं टाकून द्या, मोकळं वाटेल" हा सल्ला मिळाला आहे, पुन्हा नको. :)

सिन्नरकर

गाद्यांपुरतं सांगतो. कापूस चांगला असेल तर चार गाद्या निवडा, पिंजून घ्या आणि नव्या अभ्र्यात भरा. जुना कापूस पिंजला की परत फुलतो, वर थोडी भर घालावी लागते. बाकीच्या देऊन टाका. पाहुणे आले की बिछायत केंद्रातून गाद्या, उशा, चादरी भाड्याने मिळतात, लग्नघरी आणतोच की आपण.

ओसरी

सिन्नरकर, एरवी पटलं असतं. पण ऑगस्ट २०२७ मध्ये नाशकात भाड्याने गादी मिळेल? अख्खं शहर तेच शोधत असेल.

सिन्नरकर

हा मुद्दा बरोबर आहे. मग चारच्या सहा करा आणि तीन बॉक्स पलंगांत घाला. किंवा सिन्नरला भाड्याने घ्या, माझी ओळख आहे.

भांडीवाला_नातू

आजोबांचं भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

आधी सगळी भांडी खाली मांडा आणि प्रत्येक उचलून बघा. जाड पत्र्याचं, काठाला वळलेलं, अंगावर ठोक्यांच्या खुणा असलेलं भांडं ठेवायचं. असं हाताने मठारलेलं काम आता विकत घ्यायला गेलात तर किंमत ऐकून परत याल आणि मोडीत मात्र त्याला साध्या पितळेचाच भाव मिळतो. मोडीत घडणावळ कोणी धरत नाही, वजन धरतात. म्हणून मोडीला पातळ, पिचलेलं, भोक पडून डाग दिलेलं तेवढंच काढा. भांडी बाजारात दोन-तीन दुकानी भाव विचारा, तांबं आणि पितळ वेगळं करून न्या आणि वजन डोळ्यांसमोर करून घ्या. लोखंडी कड्या, बुडाला लावलेलं डागाचं शिसं याची घट धरतात, ती किती ते आधी बोलून घ्या.

आता वापर. पितळ गॅसवर चालतं, पण शिजवायच्या भांड्याला आतून कल्हई हवीच. चिंच, कोकम, ताक, टोमॅटो असलं आंबट बिनकल्हईच्या पितळेत कळकतं आणि पोटालाही वाईट. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. भांडं तापवून नवसागर मारतात आणि कथील कापसाने फिरवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही, फोडणीसाठी कडकडीत तापवायचं नाही आणि तारेने घासायचं नाही. एवढं पाळलं तर रोजच्या वापरातही बरीच टिकते. आत पिवळं दिसायला लागलं की पुन्हा करायची. वरण, भात, दूध, खीर यांना पितळ घ्या, तळण आणि फोडणीला लोखंडी कढई. परातीला कल्हई नको, कणीक मळायला तशीच चालते.

बिडाचे तवे म्हणजे तुमच्याकडे घबाड आहे. गंज असेल तर घासून काढा, तेल लावून मंद आचेवर तापवा, पुसा, पुन्हा तेच करा. डोसा सुटायला लागला की समजा जमलं. नॉनस्टिक भंगारात ॲल्युमिनियमच्या भावात जाईल.

स्टील घ्यावंच लागलं तर ३०४ असा शिक्का असलेलं घ्या, त्यालाच १८/८ म्हणतात, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात त्यावर जाऊ नका. निकेल कमी असलेल्या स्वस्त २०२ लाही चुंबक नीट चिकटत नाही. आणि इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटलाच पाहिजे, नाहीतर ते तापणारच नाही.

बिनभिंतीचा

एवढं लिहिण्यापेक्षा एक टेम्पो बोलवा. एका दिवसात काम होतं.

ओसरी

बिनभिंतीचा, टेम्पोत सासूबाई बसतील का ते आधी विचारून सांगते.

नातू, फारच उपयोगी. बंबाचं काय करू? फ्लॅटमध्ये गीझर आहे, बाल्कनीत धूर केला तर सोसायटी घेईल हातात.

भांडीवाला_नातू

बंब ठेवायचा तर भावनेसाठी ठेवा, उपयोगासाठी नाही. तांबं वजनाला चांगलं भरतं. त्या पैशांत तुमच्या सगळ्या पातेल्यांची कल्हई होऊन पैसे उरतील.

माई_पंचवटी

ओसरी, तुमच्या सासूबाईंच्या वयाची आहे म्हणून लिहिते. तुम्ही त्यांना "हे ठेवायचं का?" असं विचारत असणार. त्याला त्या होच म्हणतील, मीही म्हटलं असतं. "हे कोणाला द्यायचं?" असं विचारून बघा. आम्हाला वस्तू संपवायला जमत नाही, पण कोणाच्या पदरात घालायला आवडतं. माझी मोठी परात भाचीला दिली, तिच्याकडे माणसं पुष्कळ. पाटा-वरवंटा कामाच्या बाईंनी आनंदाने नेला, त्यांच्याकडे मसाला त्यावरच होतो. स्वतः हाताने देऊ द्या त्यांना, तुम्ही परस्पर पाठवू नका.

दीर-नणंदेचं सामान मात्र तुमच्या डोक्यावर घेऊ नका. फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, तारीख द्या. तारखेनंतर ज्याचं त्याने रडावं.

मऊ झालेल्या सुती नऊवारी असतील तर त्या बोहारणीला घालू नका, तिच्याकडून एक चाळणी मिळेल. गोधडी शिवून घ्या. नाशकात घरी गोधड्या शिवणाऱ्या बायका अजून आहेत, वस्तीत विचारलं की कळतं. जरीच्या जुन्या साड्या घ्यायला दारावर माणसं येतात, खरी चांदीची जर असेल तर तेही फुकाच्या भावात नेतात. आधी सराफाला दाखवा.

तसबिरी गंगेत सोडू नका, पिंपळाखाली तर मुळीच ठेवू नका. काच आणि चौकट वेगळी करा, ती कामाला येते. कागद पाण्यात भिजवून लगदा करा आणि तुळशीत घाला. मी नमस्कार करून तसंच केलं. देव रागावल्याचं अजून काही कळलेलं नाही.

जमाखर्च

ट्रंकांना रद्दीवाल्याचा हात लागू देऊ नका. एकेक कागद बघा. खरेदीखत, वाटणीपत्र, सातबारा, मृत्युपत्र, विमा पॉलिसी, पासबुकं आणि शेअर सर्टिफिकेट वेगळी काढा. त्या पिढीतल्या नोकरदारांच्या ट्रंकेत कागदी शेअर हटकून निघतात. १ एप्रिल २०१९ पासून असे शेअर डीमॅट (म्हणजे कागदाऐवजी खात्यात इलेक्ट्रॉनिक नोंद) केल्याशिवाय विकता येत नाहीत, पण वारसाच्या नावावर करून घेता येतात. लागोपाठ सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर ते शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात. गेले म्हणून बुडाले असं नाही, अर्ज करून परत मिळतात, वेळ मात्र लागतो. पासबुकात दहा वर्षं व्यवहार नसेल तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेली असते, तीही वारसाला बँकेमार्फत मागता येते. नावाने शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, २०२३ पासून.

विजेची जुनी बिलं, लग्नपत्रिका, बंद पडलेल्या वस्तूंची वॉरंटी कार्डं खुशाल रद्दीत. सही, खाते क्रमांक किंवा पॅन असलेलं फाडूनच द्या.

ओसरी

जमाखर्च, काल रात्री एक ट्रंक उघडली. दोन कंपन्यांची सर्टिफिकेटं निघाली, त्यातल्या एकीचं नाव आता बदललं आहे. नवरा रद्दीवाल्याचा विषय काढत नाहीये. :)

माई, तुमचा प्रश्न लागू पडला. "कोणाला द्यायचं" म्हटल्यावर सासूबाईंनी पाऊण तासात मोठी पातेली वाटून टाकली. एक माझ्या आईलासुद्धा. बंबाचा विषय काढल्यावर मात्र गप्प बसल्या, तो सध्या तिथेच आहे. नणंदेने फोटोंवर "सगळं सुंदर!" असं लिहिलं आहे आणि न्यायला येण्याची तारीख दिलेली नाही. तिला आता तारीख मीच देते.

पुस्तकंही बरीच आहेत. आधी यादी करते, मग सार्वजनिक वाचनालयात विचारून बघते. १८४० चं वाचनालय, त्यांच्याकडे नसलेलं आमच्याकडे काय असणार, पण जुन्या दिवाळी अंकांची आशा आहे.

कपाट आणि झोपाळा राहिलाय. सुतारकामातलं कोणी आहे का इथे?

रंधा

आहे. तुमचं कपाट वाड्यातलं म्हणजे बहुतेक खुंट्यांवर जोडलेलं असणार. सुटं होतं, फक्त जुन्या लाकडाची सवय असलेला सुतार बघा. मूव्हर्सच्या पोरांना हात लावू देऊ नका, ते पहारीने उघडतात. प्रत्येक फळीवर खडूने खूण करून सोडवायचं आणि वर नेऊन उभं करायचं. उंची फ्लॅटच्या छताला लागत असेल तर पाय कापा, शिरपट्टी कापू नका. असं सागवान असताना मॉड्युलर वॉर्डरोब करू नका. पार्टिकल बोर्डला ओल लागली की फुगतो आणि मग बिजागरीचे स्क्रू धरत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली प्लायवुड वापराल तर त्यावर आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघून घ्या, साधं सर्वसाधारण वापराचं ३०३ नको, तिथे पाणी असतं.

वाड्याच्या तुळया आणि दारं बिल्डरच्या करारात कोणाची धरली आहेत ते वाचा. बरेच लोक विचारत नाहीत आणि सगळं लाकूड परस्पर जातं.

झोपाळ्यासाठी स्लॅब भरतानाच हुक सोडला असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर स्लॅबला भोक पाडून अँकर बसवता येतो, पण आधी बिल्डरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. पोस्ट टेन्शन स्लॅब असेल तर ड्रिल लावायचाच नाही, आत ताणलेल्या केबल असतात आणि एक तुटली तर झोपाळ्याचं राहू द्या, छताचं बघावं लागेल. तसं निघालं तर लोखंडी चौकटीवर टांगा, कड्या तुमच्याच पितळी लावा. हे सगळं फॉल्स सीलिंगच्या आधी ठरवा. आणि पाट पुढे-मागे पूर्ण गेला तरी टीव्हीला लागणार नाही एवढी जागा हॉलमध्ये टेपने मोजून घ्या, फ्लॅटमध्ये तिथेच घोळ होतो.