टीमची रँक कशी लावायची? रोज येणारी वर, हरवणारी खाली

सायबर_अमळनेर:
अमळनेरला माझा गेमिंग कॅफे आहे. रविवारी काउंटर-स्ट्राइक २ (पाच विरुद्ध पाच, नेमबाजीचा गेम) च्या मॅच लावतो. पारोळा, चोपडा, धुळे इकडून पोरं येतात. जिंकलं की ३ गुण, एवढाच हिशेब. आता झालंय असं की आमच्या स्टेशन रोडची टीम एक रविवार सोडत नाही, निम्म्या मॅच हरते, तरी तक्त्यात पहिली. शहाद्याची पोरं कधीमधी येतात, सगळ्यांना धुऊन जातात आणि सातव्या नंबरवर! दिवाळीच्या स्पर्धेत वरच्या चौघांना थेट एंट्री द्यायचीय. शहाद्यावाले विचारताहेत, हे रँकिंग आहे का हजेरीपट? मोठ्या स्पर्धांत कसं करतात?

भुसावळ_यार्ड:
बरोबर विचारताहेत ते. मी बुद्धिबळाच्या स्पर्धांत पंच असतो, तिकडची रेटिंगची एलो पद्धत सांगतो. फिडेनं, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं, ती १९७० मध्ये घेतली, ई-स्पोर्ट्सवाल्यांनी तिथूनच उचलली. जिंकलास यापेक्षा कोणाला हरवलंस ते बघायचं. सगळ्यांना सुरुवातीला १५०० दे. एका मॅचला जास्तीत जास्त ३२ गुण हलतील असं ठरव. बरोबरीच्या टीमला हरवलं तर १६ मिळतात. ४०० नं खालच्याला हरवलं तर जेमतेम ३. तोच खालचा जिंकला तर त्याला २९, आणि तेवढेच वरच्याचे जातात. मग स्टेशन रोडनं रोज खेळून काय उपटणार?

काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची पद्धत आणखी खोल आहे. २०२५ पासून मोठ्या स्पर्धांची आमंत्रणं तिच्यावरच जातात, नाहीतर खुल्या पात्रता फेऱ्या खेळा. जत्रेतल्या इनामी कुस्तीसारखं बघ: ज्यानं मोठी इनामं मारलीत त्याला पाडलं तर तुझा भाव वाढतो. स्वतः मिळवलेलं बक्षीस, हरवलेल्या टीमची कमाई, त्या हरवलेल्या टीमनी स्वतः किती वेगवेगळ्या टीमना हरवलंय आणि समोरासमोर एका हॉलमध्ये बसून, म्हणजे लॅनवर, किती जिंकलं, या चार गोष्टींवरून आधी पाया ठरतो. मग आपसातल्या मॅचप्रमाणे गुण वरखाली. सहा महिन्यांपलीकडचं काही धरत नाहीत आणि निकाल जुना होईल तसं त्याचं वजन उतरतं. कोड गिटहब या साइटवर सगळ्यांना खुला आहे, वाच.

माझं मत विचारशील तर बक्षिसाचा भाग तू सोडून दे. तुझ्याकडे बक्षीस म्हणजे हेडफोन. पण टीमनं किती वेगवेगळ्या टीमना हरवलं हे नक्की घे, नाहीतर दोन दोस्त टीम एकमेकांतच खेळून वर चढतील.

स्टेशन_रोड_स्नायपर:
आमनी टीम वर शे त तुमना पोटमा काब दुखस भो? 😂

तापीकाठचा:
बीजीएमआय (मोबाइलवरचा बॅटलग्राउंड्स गेम) लावलास तर एलोच्या नादी लागू नको. तिथं एका मॅचला १६ टीम उतरतात, समोरासमोर असं काही नसतंच. पहिल्याला १०, मग ६, ५, ४, ३, २, सातव्या-आठव्याला १-१, आणि दर किलला १. सगळ्या मॅचची बेरीज. तू काउंटर-स्ट्राइकला तसलीच सरळ बेरीज लावून बसलायस.

सायबर_अमळनेर:
एक्सेलमध्ये जुने निकाल टाकून बघतोय. शहादा दुसऱ्यावर आलं, चोपडा पहिल्यावर, स्टेशन रोड पाचवं. आता भांडण होणार! दोन अडचणी. शहाद्याचे दोन जण पुण्याला शिकायला गेले, नवे दोन घेतलेत. ही जुनीच टीम धरायची का? आणि मध्येच लाइट गेली तर?

भुसावळ_यार्ड:
पाचपैकी तीन जुने असतील तर गुण टिकतात. व्हॉल्व्हचं तेच आहे, एचएलटीव्ही या काउंटर-स्ट्राइकच्या साइटच्या यादीतही तसंच. दोनच उरले तर नवी टीम, परत १५०० पासून.

लाइटचं म्हणशील तर बुद्धिबळात न खेळलेला डाव रेटिंगला धरत नाहीत. वॉकओव्हर दिला तर स्पर्धेत पुढे जाऊ दे, पण एलोत टाकू नको. अर्ध्यात लाइट गेली तर स्कोअर लिहून ठेव, आली की तिथून पुढे. आणि आधी इन्व्हर्टर घे भो.

स्टेशन_रोड_स्नायपर:
पाचवं?? एक्सेल शीट टाक इथं.