धर्मसंकट, पेच की आणखी काही?

'पेपर्स, प्लीज' (२०१३) या गेमवर मराठीत लिहितोय. साल १९८२, आर्स्टोत्स्का हा काल्पनिक देश, आपण सीमेवरचे तपासनीस. नवऱ्याची कागदपत्रं चोख, शिक्का मारला. जाताना तो म्हणतो, मागे बायको आहे, सांभाळून घ्या. बायकोकडे प्रवेश परवानाच नाही. परत पाठवलंत तर मारून टाकतील, म्हणते. याला 'नैतिक द्विधा' म्हटलं की वाक्य कागदी होतं. दुसरा शब्द सुचवा.

– धर्मसंकट. घरात असताना शेजारी कशाला मागायचं?

– जरा थांबा. धर्मसंकटात दोन्हीकडे धर्म लागतो. अर्जुनापुढे एकीकडे क्षात्रधर्म, दुसरीकडे कुळ. इथे एकीकडे दया आणि दुसरीकडे नुसता सरकारी नियम. त्याला धर्म म्हणायचं?

– घरची माणसं विसरलात! दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद, तिसरीपासून दंड. रात्री उरलेल्या कमाईत भाडं, जेवण, ऊब, औषध बसवायचं. पोरं पोसणं हा धर्मच की. गंमत बघा, ती बाई पहिल्या चुकीत बसली तर दया फुकट. आधीच दोन झाल्या असतील तर तीच दया घरच्यांच्या ताटातून जाते.

– काहीही म्हणा, 'पेच' नको. पेच पतंगाचा नाहीतर कुस्तीतला. तो सुटतो किंवा काटला जातो, आणि कुणीतरी जिंकतं.

– मग 'द लास्ट ऑफ अस' या गेमचा शेवट? (पुढे शेवट फोडतोय, खेळला नसाल तर वाचू नका.) जोएल (आपण खेळतो तो नायक) एली या मुलीला सोडवून न्यायला शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो, डॉक्टर आडवा येतो. त्याला मारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही. मी कंट्रोलर खाली ठेवून नुसता बसलो होतो. ते धर्मसंकट का?

– छे. जोएलचं तर ठरलेलंच असतं, त्याला कसलं संकट? आपली होते ती फरफट. बटण आपण दाबायचं आणि ओढत तो नेणार.

– फरफट! हा शब्द मी ढापला.

– सगळ्यांचे आभार. शीर्षकात धर्मसंकट ठेवतो. मजकुरात तपासनीसाच्या तोंडी 'धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं' घालीन म्हणतो. आणि हो, मी त्या बाईला आत सोडलं. त्या दिवसातली माझी तिसरी चूक होती.